जखम भरल्यानंतर

भाजलेल्या माणसाला भेटायला येणारे सगळे एकच प्रश्न विचारतात, "जखम भरली का?" भरली म्हटलं की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. पिशवीतली फळं बाहेर निघतात, विषय बदलतो आणि त्या हाताबद्दल पुन्हा कोणी काही विचारत नाही. माझ्या उजव्या हातानं मला वेगळंच शिकवलं. जखम मिटते त्या दिवशी उपचाराचा निम्मा भागसुद्धा झालेला नसतो. पुढे वर्ष-दीड वर्ष वण वाढतो, कडक होतो, आकसतो, सांधे ओढून धरतो, आणि त्याला वळण लावता येतं तेही याच काळात. एकदा वण मुरला की हातात फार थोडं उरतं. आमच्या भागात हे कोणी कोणाला सांगत नाही, म्हणून लिहायला बसले.

कराडच्या पुढे आमचं गाव. संक्रांतीच्या आधी आमच्या बचत गटाकडे तिळाच्या वड्या आणि शेंगदाण्याच्या चिक्कीच्या ऑर्डरी असतात. समाजमंदिरात मोठ्या शेगड्या लावतो, गूळ फोडतो, पाक करतो. वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा, तो कटकन मोडला की पाक झाला. पाणी १०० अंशांवर उकळतं. हा पाक तोवर १४० अंशांच्या पुढे गेलेला असतो. शिवाय पाणी ओघळून जातं, पाक बसतो तिथेच चिकटतो आणि खालची कातडी भाजत राहतो. कढई उतरवताना तिचा एक कान निखळला आणि पाक माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर, मनगटावर आणि तिथून कोपरापर्यंत सांडला.

माझी धाकटी जाऊ आशा सेविका आहे. तिनं मला ओढतच नळाखाली नेलं. कोणी म्हणालं, पाणी लावू नका, फोड येतील. एकीनं टूथपेस्टची ट्यूब आणली, एकीनं तूप, कोणी शाळेतल्या मुलाकडून शाईची दौत मागवली. जावेनं सगळ्यांना मागं सारलं. "अक्का, हात नळाखालीच ठेवायचा. मी सांगेन तेव्हाच काढायचा," एवढंच ती म्हणत राहिली. वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, बर्फ नाही. चिकटलेला गूळ तिनं ओढून काढू दिला नाही, तो पाण्यातच विरघळू दिला. हात सुजायच्या आत तिनं बोटातली अंगठी साबण लावून काढली आणि बांगड्या वाढवल्या. ऐन संक्रांतीत सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या वाढवल्या म्हणून दोघी-तिघींचे चेहरे उतरले. पण बांगड्या तशाच राहिल्या असत्या तर सुजलेल्या मनगटात त्या रुतल्या असत्या आणि बोटांचं रक्त अडलं असतं. नंतर पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "त्या बाईंनी पाण्याखाली धरला म्हणून तुमचा अर्धा हात वाचला." भाजलेल्या जागेची आग बाहेरून विझली तरी आतली उष्णता खाली उतरत असते. ती पाणीच काढून घेतं, पेस्ट आणि तूप तिला आत कोंडून ठेवतात.

तालुक्याच्या दवाखान्यात रोज पांढरं मलम लावून पट्टी व्हायची. कोपराकडचे फोड फार दुखायचे. हाताच्या पाठीवरचा भाग मात्र पांढरट-लाल होता आणि तिथे फारसं दुखत नव्हतं. घरच्यांना ते चांगलं लक्षण वाटलं. खरं तर उलट असतं. वरवर भाजलं तर मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात आणि आग होते, खोल भाजलं तर ती टोकंच जळून जातात. दुखत नाही तिथे जखम खोल आहे, एवढी एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असली पाहिजे.

घरात पथ्य सुरू झालं. सासूबाईंनी मायेनं दही, लिंबू, अंडी, तुरीची डाळ, वांगं, सगळं बंद केलं. आंबट खाल्लं की जखमेत पू होतो, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मऊ भात, दूध आणि साबुदाण्याची पेज यांवर मी राहिले. पुण्याला गेल्यावर आहाराच्या ताईंनी कपाळाला हात लावला. जखम भरते ती प्रथिनांनी. नवी कातडी, नव्या रक्तवाहिन्या, त्यांना जोडणारे कोलॅजेनचे धागे, सगळं प्रथिनांचंच बनतं, आणि कोलॅजेनचा धागा पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागतं. म्हणजे जे बंद केलं होतं तेच लागत होतं. मग रोज अंडी, डाळ, शेंगदाणे, मोड आलेली मटकी, दही, आणि जेवणात लिंबू नाहीतर पेरू. सासूबाईंना डॉक्टरांनी स्वतः समजावलं तेव्हा त्यांनी लगेच ऐकलं. पुढे माझ्या ताटात अंडं आहे की नाही हे त्याच बघायच्या.

दुसरी समजूत वाऱ्याची. जखम उघडी ठेवा, वारं लागू द्या, वाळली की खपली धरेल आणि खपली पडली की हात मोकळा, असं येणारा प्रत्येक जण सांगायचा. जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञानं १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगात दाखवून दिलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगानं पसरते. कातडीच्या पेशी जखमेच्या कडेवरून सरकत सरकत येतात. ओलाव्यात त्या सरळ येतात, कोरड्या खपलीखाली त्यांना खोलवर वाट काढावी लागते. इतक्या वर्षांनंतरही आपण जखमा उन्हावाऱ्याला वाळवत बसतो. ओलसर म्हणजे चिघळलेली नव्हे, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. दुर्गंधी, पू, ताप, भोवती पसरणारी लाली, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

कोपराकडचा भाग हळूहळू भरत गेला. हाताची पाठ तशीच लाल, लस वाहणारी. महिना होत आला तसं जावेनंच हट्ट धरला आणि मला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या प्लास्टिक सर्जनांनी पट्टी सोडली. जखम बघायच्या आधी त्यांनी मला मूठ मिटायला सांगितलं. मूठ मिटेना. इतके दिवस हात एका गठ्ठ्यात बांधलेला होता, चार बोटं एकत्र, अंगठा तळहाताला चिकटवलेला, मनगट खाली लोंबतं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या लोकांनी जखम निगुतीनं स्वच्छ ठेवली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या हाताला आत सांधे आहेत आणि ते आखडतील, याचा विचार तिथे कोणीच केला नव्हता. ही तक्रार मात्र आहे आणि ती मी मोठ्यानं करते. पट्टी बोटाबोटांमध्ये वेगवेगळी घातली असती आणि खाली आधाराची फळी दिली असती, तर माझे पुढचे कितीतरी महिने वाचले असते.

सर्जन म्हणाले, "तीन आठवड्यांत जी जखम स्वतःहून भरत नाही, तिचा वण हमखास जाड येतो. आता वाट बघायची नाही, कातडी लावायची." मांडीवरची कातडी यंत्रानं तासून घेतात, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. ती जखमेवर बसवतात आणि वरून घट्ट पट्टी बांधतात. पहिले दोन दिवस तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, खालच्या लसेवरच ती जगते. मग खालच्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. त्या दिवसांत हात हलला, खाली रक्त साठलं किंवा जंतू शिरले तर सगळं वाया. पट्टी सोडली तेव्हा सर्जन म्हणाले, "धरली." तो एक शब्द ऐकून जाऊ व्हरांड्यात जाऊन रडली. एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. जिथे कातडी लावली तो हात फार दुखला नाही, जिथून घेतली ती मांडी मात्र दुखून दुखून हैराण करत होती. वरचा थर गेलेला असतो आणि मज्जातंतू शाबूत असतात. दोनेक आठवड्यांत ती जागा आपली आपण भरली.

त्या वॉर्डात असताना एक गोष्ट कळली, ती इथेच सांगते. माझ्या शेजारच्या खोलीत विजेच्या तारेनं भाजलेला एक तरुण होता. त्याच्या अंगावर स्वतःची घ्यायला पुरेशी कातडीच उरली नव्हती. त्याला मेलेल्या माणसांनी दिलेली कातडी लावली होती. ती कायमची टिकत नाही, काही आठवड्यांनी शरीर तिला नाकारतं. पण तेवढ्या काळात ती लस वाहणं थांबवते, जंतूंना अडवते, वेदना कमी करते आणि माणूस जगतो. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत पाय, मांड्या आणि पाठ यांवरून कातडीचा पातळ थर घेतात. देह विद्रूप होत नाही, रक्तगट जुळावा लागत नाही, ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली कातडी पाच वर्षांपर्यंत वापरता येते. नेत्रदान आपल्याकडे आता माहीत झालं आहे, त्वचादानाचं नावही कोणी ऐकलेलं नसतं. आमच्या गटातल्या बायकांना मी हे सांगत असते.

भाजलेल्यांसाठी स्वस्तात काय करता येईल, हा विचारही मुंबईच्याच डॉक्टरांनी केला. डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी करून वापरली आणि १९८५ च्या सुमारास ती वैद्यकीय नियतकालिकात मांडली. सायनच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची पट्टी वापरली. पान मेणचट असतं, जखमेला चिकटत नाही, त्यामुळे काढताना जीव जात नाही. जिथून कातडी घेतली त्या जागांवरही त्यांनी ती लावून पाहिली. माझ्या मांडीची चिकटलेली पट्टी सोडताना जे सोसलं, त्यानंतर मला या कामाची किंमत फार वाटते. ही पानं आणि साली निर्जंतुक करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरलेल्या होत्या, परसातलं पान तोडून जखमेवर ठेवायचं नाही.

टाके निघाले, जखम कोरडी झाली, घरी जायचं ठरलं. तेव्हा हातांच्या व्यायामाच्या मॅडम माझ्या खाटेशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, आता आपलं काम सुरू." त्यांनी सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं होतं. कातडी फाटली की शरीर आधी रक्त थांबवतं, मग काही दिवस साफसफाई करतं, मग तीनेक आठवडे घाईघाईनं भर घालतं. घाईत घातलेले कोलॅजेनचे धागे कच्चे असतात. पुढे वर्षभर आणि त्याहून जास्त काळ शरीर तेच धागे काढतं, नवे घालतं, त्यांची दिशा बदलतं. मॅडम म्हणाल्या, चांगली कातडी हातमागावर विणलेल्या घोंगडीसारखी असते, उभे-आडवे धागे एकमेकांत गुंतलेले, म्हणून ती चहूबाजूंनी ताणते. वणातले धागे एकाच दिशेनं कोंबलेले असतात, म्हणून तो कडक. तीन आठवड्यांच्या वणात मूळ कातडीच्या जेमतेम पाव हिश्शाएवढी ताकद असते, आणि पूर्ण मुरल्यावरही ती ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही. शरीर आपणहून भर घालतं, ती किती आणि कोणत्या दिशेनं राहू द्यायची हे बाहेरून दाब देऊन, ताण देऊन, चोळून ठरवता येतं. पण वण लाल आणि कोवळा आहे तोवरच.

त्यांनी प्लास्टिकची एक पाटी गरम पाण्यात मऊ करून माझ्या हातावर दाबली आणि हाताच्या मापाचा साचा केला. मनगट थोडं वर, बोटांची मुळं वाकलेली, बोटं सरळ, अंगठा लांब. झोपताना हा साचा बांधायचा. तो बांधून झोप लागत नाही, सगळं अंग त्या हाताभोवती जागं राहतं. मी विचारलं, थोडा सैल, आरामात ठेवला तर? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते भाजलेल्यांच्या प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर लिहावं असं आहे: हात ज्या स्थितीत आरामात असतो, त्याच स्थितीत तो आखडतो. गळा भाजलेला माणूस उशी घेऊन मान खाली घालतो, त्याची हनुवटी छातीला ओढली जाते. काख भाजलेला हात अंगाशी धरतो, त्याचा खांदा उचलत नाही. वण आकसताना दयामाया करत नाही.

घरी आल्यावर काही आठवड्यांतच कोपराजवळचा भाग बदलायला लागला. जिथे कातडी लावलेली नव्हती, जो "आपोआप भरला" म्हणून सगळे खूश होते, तोच. आधी गुलाबी, मग लालभडक, मग उंच आणि टणक. बोटानं दाबला तरी दबेना. हाताची पाठ मात्र, जिथे कातडी लावली होती, सपाट राहिली, फक्त कडेची रेघ जाड झाली. उशिरा, महिनाभर घेऊन भरलेली जागा शस्त्रक्रियेच्या जागेपेक्षा वाईट निघाली. ऑपरेशन टळलं म्हणजे सुटलो, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझा हात येऊन बघावा.

आणि खाज. भाजण्याच्या वेदनेची दखल सगळे घेतात, खाजेची कोणी घेत नाही. रात्री दहानंतर सुरू व्हायची आणि पहाटेपर्यंत चालायची. खाजवलं की कोवळी कातडी सोलायची आणि पुन्हा जखम. सर्जनांनी गोळ्या दिल्या, तेल लावून चोळायला सांगितलं, गार पट्टी सांगितली. खाज हा आजाराचाच भाग आहे आणि तिला औषध आहे, हे कळलं तेवढ्यानंही अर्धं हलकं वाटलं. लावलेल्या कातडीत घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी राहत नाहीत, ती कोरडी पडते, तडकते. तिला दिवसातून अनेक वेळा तेल किंवा साधं मलम लावावं लागतं, आणि हे कायमचं आहे.

उंच आलेल्या वणासाठी मापाचा घट्ट हातमोजा आणि कोपरापर्यंतची बाही शिवून घेतली. दाब इतका हवा की वण पांढुरका पडेल, पण बोटं निळी पडणार नाहीत. दिवसाचे २३ तास घालायचा, आंघोळीला आणि चोळायला तेवढा काढायचा. दोन जोड लागतात, एक अंगावर, एक दोरीवर. कोमट पाण्यात हलक्या हातानं धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. दोन-तीन महिन्यांत त्याचा ताण जातो आणि नवा घ्यावा लागतो. हा खर्च कोणी आधी सांगत नाही, आणि पुष्कळ घरांत उपचार इथेच सुटतो. माझ्या गटातल्या बायकांनी माझ्या हातमोज्यासाठी वर्गणी काढली. मी नको म्हटलं तरी त्यांनी ऐकलं नाही.

बाहीच्या खाली, वणावर सिलिकोनची मऊ चकती. पहिल्या दिवशी थोडे तास, मग वाढवत वाढवत दिवसाचे बारा तास आणि वर. ती वणातला ओलावा उडू देत नाही, त्यामुळे वरचा थर शांत होतो आणि खालची धाग्यांची भर मंदावते, असं डॉक्टर सांगतात. जखम पूर्ण मिटल्याशिवाय ती लावायची नाही. रोज चकती आणि कातडी दोन्ही साबणानं धुवायची. चैत्र-वैशाखात आमच्याकडच्या उन्हात तिच्याखाली घाम साचून पुरळ उठलं. तेव्हा मॅडमनी दुपारी ती काढायला आणि रात्रीचे तास वाढवायला सांगितलं. उपचार सोडायचा नाही, वेळ सरकवायची. त्या एका सल्ल्यानं माझा उन्हाळा निभावला.

कोपराच्या घडीतली एक जागा कशालाच दाद देईना. तिथे स्टेरॉइडची इंजेक्शनं थेट वणात दिली, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं. कडक वणात सुई शिरते तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येते. पण प्रत्येक वेळी वण थोडा बसला, खाजही उतरली. तिथली कातडी जरा पातळ आणि फिकट झाली आहे. असं होऊ शकतं हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

माझा वण जखमेच्या हद्दीतच उंच झाला. त्याहून वेगळा प्रकार माझ्या भाचीचा. तिनं कान वरच्या बाजूला टोचून घेतला आणि टोचलेल्या भोकाच्या कितीतरी बाहेर गाठ वाढत गेली. हा केलॉइड. तो मूळ जखमेची सीमा ओलांडतो आणि आपणहून बसत नाही. कानाची पाळी, खांदा, छातीचा मधला भाग या त्याच्या आवडत्या जागा. तिच्या घरच्यांनी ती गाठ कोणाकडून तरी कापून घेतली आणि ती आधीपेक्षा मोठी होऊन परत आली. केलॉइड नुसता कापला तर बहुतेकदा उलटतोच. कापायचा असेल तर सोबत इंजेक्शन, दाब, काही जणांना किरणोपचार, असं काहीतरी जोडूनच कापतात. घरात कोणाला असा वण येण्याची खोड असेल, तर हौसेचं टोचणं, गोंदणं टाळलेलं बरं. भाचीला आता त्वचारोगतज्ज्ञ इंजेक्शनं देत आहेत आणि गाठ उतरते आहे.

पुतण्यानं दुकानातून वण घालवायचं म्हणून एक महाग मलम आणलं होतं. सर्जन म्हणाले, मलमातल्या औषधापेक्षा ते लावताना तुम्ही जे चोळता त्याचा उपयोग जास्त. ई जीवनसत्त्वाचं तेल वण घालवतं याला भक्कम पुरावा नाही, काहींना त्यानं पुरळच येतं. खोबरेल घ्या आणि पाच मिनिटं जोर देऊन, गोल गोल, वण खालच्या मासापासून सुटेल असं चोळा. उन्हाबद्दल मात्र ते फार कडक होते. कोवळ्या वणाला ऊन लागलं की तो काळवंडतो आणि ते काळेपण वर्षानुवर्षं जात नाही. म्हणून शेतात जाताना पूर्ण बाही आणि उन्हाचं मलम. लेसरचाही विषय निघाला होता. त्यानं कडकपणा आणि खडबडीतपणा कमी होतो, वण पुसला जात नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. सध्या माझं त्यावाचून अडलेलं नाही.

व्यायामाचं काय सांगू. मूठ मिटताना बोटांची टोकं तळहातापासून किती लांब राहतात, ते मॅडम पट्टीनं मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. आठवड्याला जेमतेम काही मिलिमीटरची प्रगती. कधी एवढीशी मागेही जायची. कातडी पक्की झाल्यावर त्यांनी मला कणीक मळायला सांगितली. औषध म्हणून सकाळी एक गोळा, संध्याकाळी एक. घरातली सगळी कणीक मीच मळणार असं मी जाहीर केलं, आणि सासूबाई परातीशेजारी बसून, बोटं पुरती मिटतात की नाही ते बघायच्या. ज्या दिवशी लाटणं हातात नीट धरता आलं, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा हात आपला आहे.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले. हातमोजा काढलेला होता. कोणी नजर चुकवली, कोणी हळूच विचारलं, "कायमचं राहणार का हे?" राहणार. रंग वेगळा राहणार, कोपराशी पट्टा दिसणार, करंगळी थोडी कमी मिटणार. पण मी कढई धरते, विळी चालवते, सही करते, नातवाला उचलते. वण दिसण्यापेक्षा हात चालण्याचं मोल मला फार मोठं वाटतं. दिसण्याचं दुःखही खोटं नाही. आमच्याच तालुक्यातल्या एका चेहरा भाजलेल्या मुलीनं शाळा सोडली. तिच्यासारखीला वणावरचे उपचार ही चैन नव्हे, ती तिची शाळा आहे. तिला मी माझ्या मॅडमकडे पाठवलं आहे.

भाजलेल्या माणसाला घरी सोडताना हातात कागद देतात, त्यावर गोळ्या आणि पुढची तारीख असते. तुमच्यावर किंवा तुमच्या माणसावर ती वेळ आली, तर तो कागद घेऊन लगेच उठू नका. तिथेच विचारा: सांध्यावर भाजलं आहे का, रात्री साचा बांधायचा का, व्यायाम कोण शिकवणार? जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागले असतील, तर दाबाची बाही आणि सिलिकोन कधी सुरू करायचं? खाजेला काय घ्यायचं? उत्तर मिळालं नाही तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्लास्टिक सर्जरी विभागात जा. आणि वण जुना झाला, बोट वाकडं झालं, मान ओढली गेली, म्हणूनही आशा सोडू नका. आकसलेला वण शस्त्रक्रियेनं मोकळा करता येतो, वर्षं उलटल्यावरसुद्धा. तेवढं विचारायला एकदा जाच.